पुडीच्या कागदावरची यमू

दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक यांची सांगड १९०९ सालची. त्या वर्षी का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्याच सुमारास माझी आजी लग्न होऊन आमच्या घरात आली. अंकाचे कौतुक अर्थातच तिच्या वाट्याला आले नाही. पुरुषांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे आणि बायकांनी माजघरात कामे करता करता कानांवर पडेल तेवढे घ्यायचे, ही त्या घरची रीत.

पण रीत काही आमच्याच घरची नव्हती. आपल्याकडे वाचणे म्हणजे मुळात ऐकणेच होते. चातुर्मासात एकाने श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ लावावा आणि साऱ्या आळीने तो ऐकावा. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तरी छापलेला कागद बाईच्या हाती यायला फार वर्षे लागली. शिकलेल्या बाईला वैधव्य येते, ही समजूत आड येई. पुढे न्यायमूर्ती झालेल्या माधवराव रानड्यांशी १८७३ मध्ये रमाबाईंचे लग्न झाले. पतीनेच त्यांना शिकवायला घेतले, पण घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंना सोसावा लागला. १९१० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींत ते सारे आले आहे. रानड्यांच्या घरी ही गत, मग आमची काय कथा!

आजी अक्षरे शिकली ती माहेरी, धाकट्या भावाच्या पाटीवर. सासरी तिचे वाचनालय म्हणजे वाण्याची पुडी. हळद-जिरे डब्यात ओतले की कागद चुलीत घालण्याआधी ती वाचून घेई. बातमी असो की जाहिरात, बहुधा अर्धीच! अशाच एका कागदावर तिला यमू भेटली. आपली हकीकत ती आपणच सांगत होती, आणि कागद नेमका मध्येच फाटलेला.

१९५६ साली, मी बारा वर्षांचा असताना, गावच्या वाचनालयातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घरी आणली. मोठ्याने वाचू लागलो, तशी आजी जपाची माळ ठेवून पुढे सरकली.

“अरे, ही तर माझी यमू!”

हरिभाऊंनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः आली होती. रद्दीत गेलेला त्याचाच एखादा अंक वाण्याकडे पोचला असावा.

रोज दिवेलागणीनंतर मी वाची आणि आजी ऐके. तिला वैधव्य येऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. डोक्यावर लाल आलवणाचा पदर असे आणि पदराखाली केस नव्हते. आम्हा मुलांना त्यात वेगळे असे काही वाटत नसे. मग यमूचा नवरा गेला, आणि तिच्या मनाविरुद्ध केशवपन झाल्याचा प्रसंग आला. माझी नजर आजीच्या पदराकडे गेली आणि जीभ अडखळली. मी पुस्तक मिटू लागलो.

“मिटू नकोस,” ती म्हणाली. “कोणी तरी लिहून ठेवलंय, ते वाचायला नको का?”

मी शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक मागून घेतले, बाहेर ओटीवर जाऊन बसली, आणि तेच प्रकरण अक्षर अक्षर लावीत मोठ्याने वाचले. माजघरातली कामे थांबली. तिला आत ये म्हणायला कोणी धजले नाही.

आता आमच्या घरी जो तो आपापल्या मोबाइलवर मुकाट्याने वाचतो. पण दिवाळी अंक आला की पहिला लेख सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तो घरातल्या सुनेने किंवा लेकीने, ही आमच्याकडची नवी रीत. तीही आता जुनी होत चालली आहे.