साइट उतरवून घेताना

पोथी उतरवून घेणे हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. मूळ प्रत दुसऱ्याची, कष्ट आपले, आणि नक्कल करताना एक ओळ गळली की पुढच्या सगळ्या नकलांतून ती गेलीच. इंटरनेट आल्यावर डाउनलोडलाही आपण ‘उतरवणं’च म्हणू लागलो. एकदोन पानांपुरता तो नुसता शब्द. अख्खी वेबसाइट घेताना मात्र काम खरंच लेखनिकाचं असतं.

या धंद्याचा पहिला शब्द ‘मिरर’, म्हणजे आरसा. वेब यायच्या आधी विद्यापीठांचे फाइली वाटणारे एफटीपी सर्व्हर होते आणि समुद्रापलीकडच्या तारा अरुंद. एकच फाइल शंभर जणांनी शंभरदा ओढण्यापेक्षा ती एकदाच आणून जवळच्या सर्व्हरवर ठेवावी, हा सरळ हिशेब. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या ली मॅक्लॉगलिन यांनी हे काम आपोआप करणारा पर्ल भाषेतला प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नावच ‘मिरर’.

वेबवर एवढ्यानं भागेना. तिथे फाइली सुट्या नसतात. पानाला पान दुव्यानं बांधलेलं असतं. म्हणून प्रोग्रॅमला पान वाचावं लागतं, त्यातले दुवे वेचावे लागतात, त्या पानांवर जाऊन पुन्हा तेच. हे काम करणाऱ्या साधनांत सगळ्यांत टिकाऊ ठरलं ते क्रोएशियाच्या हर्वोये निक्शिच यांचं. आधी नाव होतं ‘गेटयूआरएल’; त्या नावाचा प्रोग्रॅम अमिगा संगणकावर आधीच निघाला, म्हणून १९९६ च्या जानेवारीत त्याचं ‘डब्ल्यूगेट’ झालं. खराब लाइन गृहीत धरूनच तो लिहिलेला होता. मध्येच तुटलं तर पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तुम्ही लॉगआउट करून झोपलात तरी मागे काम चालू ठेवायचं.

आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. मोडेमची किरकिर, वर फोनचं मीटर. असल्या लाइनवर हे साधन म्हणजे वरदानच वाटायचं. १९९८ मध्ये फ्रान्सच्या झाव्हिए रोश यांचं ‘एचटीट्रॅक’ आलं आणि कमांड पाठ नसलेल्यांचीही सोय झाली.

खरी कारागिरी मात्र उतरवण्यात नाही, उतरवून झाल्यावर आहे. पानातला दुवा बहुधा पूर्ण पत्ता सांगतो: अमुक साइट, अमुक कप्पा, अमुक पान. तो तसाच राहिला, तर डिस्कवरच्या नकलेत टिचकी मारताच ब्राउझर पुन्हा बाहेर धावतो. म्हणून सगळी पानं हाती आली की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या पानापासून बसतो. जे पान आलंय त्याचा पत्ता ‘शेजारच्या फोल्डरात बघ’ असा करतो, जे आलं नाही त्याचा पूर्ण पत्ता राहू देतो. हा शेवटचा हात फिरला नाही तर हाती नुसता फाइलींचा ढीग.

किती खोल जायचं, हेही सांगावं लागतं. डब्ल्यूगेटला काही सांगितलं नाही तर तो पाच पायऱ्या उतरून थांबतो. मी एकदा शहाणपणानं ही मर्यादा काढली आणि झोपलो. त्या साइटवर एक कॅलेंडर होतं, त्यात ‘पुढचा महिना’ असा दुवा. सकाळी डिस्क भरत आली होती आणि प्रोग्रॅम पुढच्या शतकातले कोरे महिने इमानदारीनं उतरवत होता.

समोरच्या सर्व्हरला अशा पाहुण्यांचा जाच होतोच. त्यावर १९९४ मध्येच मार्टिन कोस्टर यांनी तोड सुचवली होती: साइटच्या दारात ‘रोबॉट्स’ नावाची साधी मजकूर-फाइल ठेवायची आणि यंत्रांनी कुठे शिरू नये ते तिच्यात लिहायचं. कुलूप नव्हे, पाटीच. डब्ल्यूगेट ती पाळतो; न पाळायचीही सोय त्यात आहे.

मराठी साइटींचं दुखणं वेगळंच होतं. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येकीचा फॉन्ट आपापला. पान आलं आणि फॉन्ट मागे राहिला, की उघडल्यावर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. पानाची सजावट, फॉन्टसुद्धा, सांगणाऱ्या सीएसएस फाइली आणि त्यांतले दुवे डब्ल्यूगेटला वाचता येऊ लागले ते २००९ मध्ये, १.१२ या आवृत्तीत. तोवर आपले बरेचसे जुने मजकूर जुन्याच फॉन्टांत अडकून गेले.

त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला याहूनं जिओसिटीज बंद केलं. लोकांनी तिथे हौसेनं मांडलेली घरगुती पानं वाचवायला ‘आर्काइव्ह टीम’चे स्वयंसेवक धावले. पुढच्या वर्षी त्यांनी सहाशे जीबीहून मोठी नक्कल टॉरेंटवर खुली केली. अरुंद तारांवरचा भार वाचवायला निघालेली युक्ती आता बुडत्या साइटी वाचवायला लागली होती.

तुमच्या गावच्या वाचनालयाची किंवा मंडळाची जुनी साइट अजून तग धरून असेल, तर त्यांना विचारून एकदा उतरवून घ्या. दोन पानांच्या मध्ये सेकंदभर थांबायला सांगा. आणि झाल्यावर इंटरनेट बंद करून उघडून बघा, फॉन्ट आलाय का.