नांगरामागून पाऊस येतो?

ऑक्टोबर १८९३. लॉस एंजेलिस येथील सिंचन परिषदेत मेजर जॉन वेस्ली पॉवेल बोलावयास उभे राहिले. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला, कोलोरॅडो नदीच्या भयंकर घळीतून नौका नेणारा हा भूशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा प्रमुख होता. पश्चिमेकडील साऱ्या जमिनीस पुरेल इतके पाणी तेथे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली.

पॉवेल नवे काही सांगत नव्हते. १८७८ च्या अहवालातच त्यांनी देशाच्या मध्यातून एक रेषा दाखवून दिली होती. साधारणतः १०० व्या पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वर्षाला २० इंचांहून (सुमारे ५०० मिमी) कमी पाऊस पडतो; तेथे केवळ पावसावर विसंबून शेती करणे म्हणजे जुगार. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक वसाहतकऱ्यास १६० एकर देऊ केले होते. ओलसर पूर्वेकडे तेवढ्यात कुटुंब सुखाने जगे. कोरड्या मैदानात मात्र गुरे राखून जगायचे तर २,५६० एकर हवेत, असा पॉवेल यांचा हिशोब होता. संसदेने तो मानला नाही.

का मानावा? त्या सुमारास मैदानांवर सलग काही वर्षे चांगला पाऊस पडत होता. नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक सॅम्युएल ऑघी यांनी त्याची उपपत्तीही मांडली: नांगरलेली माती पाणी शोषून घेते, ते वाफ होऊन वर जाते आणि पुन्हा पाऊस होऊन उतरते. १८८१ मध्ये चार्ल्स डाना विल्बर या लेखकाने त्याचे घोषवाक्य करून टाकले: पाऊस नांगरामागून येतो. जमिनी विकावयास बसलेल्या रेल्वे कंपन्यांना याहून गोड विज्ञान कोणते असणार!

१८९० च्या दशकातील अवर्षणाने ही उपपत्ती मोडीत काढली. हजारो कुटुंबे आलेल्या वाटेने परतली. परंतु भाव चढले की माणसाची स्मरणशक्ती मंदावते. १९०९ च्या कायद्याने कोरड्या प्रदेशात ३२० एकर देऊ केले. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरवर गेला, ट्रॅक्टर आले आणि मातीला धरून ठेवणारे मूळचे गवत मैलोगणती उलथले गेले. १९३१ मध्ये पीक उदंड आले, भाव मात्र अर्ध्या डॉलरच्याही खाली कोसळला. त्यापाठोपाठ पाऊस थांबला. उघडी पडलेली माती वाऱ्यावर निघाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी ओक्लाहोमा व टेक्सासच्या उत्तर भागावर काळ्या धुळीची भिंत चालून आली. भर दिवसा अंधार झाला. त्यावरील वृत्तान्तात रॉबर्ट गायगर या वार्ताहराने योजलेले ‘डस्ट बोल’ हे नाव त्या प्रदेशास कायमचे चिकटले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मृदासंधारणाचा कायदा झाला. अर्थात, तोवर पुष्कळशी माती परत न येण्यासाठी गेली होती.

अवर्षण मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र उरलाच. भूकंपाला क्षण असतो, पुराला पातळी असते. दुष्काळ चोरपावलांनी येतो. १९६५ मध्ये हवामानशास्त्रज्ञ वेन पामर यांनी पाऊस, तापमान आणि मातीतील ओल यांची सांगड घालणारा निर्देशांक मांडला. १९९९ पासून अमेरिकेचा दुष्काळ-नकाशा दर आठवड्यास निघू लागला: फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत पाच पायऱ्या. त्यात आकडे असतात, तसेच गावोगावच्या निरीक्षकांनी कळवलेली कुरणांची नि तळ्यांची स्थितीही असते. २०१२ च्या अवर्षणात नेब्रास्काचा बहुतांश भाग अखेरच्या, सर्वांत गडद रंगात गेला. योगायोग असा की, हा नकाशा प्रसिद्ध करणारे राष्ट्रीय केंद्र लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठातच आहे. ऑघींचे तेच विद्यापीठ.

आज या रंगांवर पैसा ठरतो. आपली काउंटी किती आठवडे कोणत्या रंगात राहिली, यावरून पशुपालकास चाऱ्यासाठी सरकारी मदत मिळते अथवा नाकारली जाते. त्यामुळे सीमारेषा थोडी सरकली तरी तक्रारी होतात. नकाशा गुरुवारी प्रसिद्ध होतो, पण त्यातील नोंदी मंगळवार सकाळपर्यंतच्याच धरतात. बुधवारी धो धो कोसळलेला पाऊस पुढच्या आठवड्याच्या खात्यावर जातो.