चुकीपासून दुरुस्तीपर्यंतचे अंतर

पहिल्याच प्रयत्नात बिनचूक प्रोग्राम क्वचितच लिहिला जातो. लिहायचे, चालवून पाहायचे, चूक शोधायची, सुधारायची, पुन्हा चालवायचे. हे चक्र किती भरभर फिरते यावर शिकणाऱ्याचा हुरूप टिकतो.

१९८० च्या सुमारास छोट्या संगणकांवर हे चक्र फार संथ होते. लिहिण्यासाठी एडिटर, यंत्रभाषेत भाषांतरासाठी कम्पायलर आणि तुकडे जोडण्यासाठी लिंकर, असे तीन वेगळे प्रोग्राम लागत. प्रत्येक जण फ्लॉपीवरून स्मृतीत येई, काम करी आणि दुसऱ्याला जागा करून देई. शेवटी मिळे ती चुकांची यादी! ओळींचे क्रमांक टिपून घ्यायचे आणि पुन्हा एडिटर उघडायचा. विसरलेल्या एका अर्धविरामाची ही शिक्षा.

१९८३ मध्ये अमेरिकेतील बोरलँड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ ४९.९५ डॉलरला विक्रीस आणले. पास्कल ही निकलाउस विर्थ यांनी मुख्यतः अध्यापनासाठी रचलेली भाषा. तिचा हा कम्पायलर डेन्मार्कच्या आंदर्स हायल्सबर्ग या तरुणाने लिहिला होता. एडिटर आणि कम्पायलर एकाच छोट्या फाइलमध्ये होते. तिसऱ्या आवृत्तीतही ती फाइल ४० हजार बाइटांच्या आतच राहिली. दोघेही स्मृतीतच राहत, लिहिलेला मजकूरही तिथेच असे. त्यामुळे भाषांतरासाठी फ्लॉपीकडे धाव घ्यावी लागत नसे.

यातली एक गंमत आपण शिक्षकांनी पाहण्यासारखी आहे. हा कम्पायलर चुकांची यादी देतच नसे. पहिली चूक दिसली की तो थांबे आणि कर्सर थेट त्या जागी नेऊन ठेवी. पुन्हा भाषांतर करायला क्षणभरच लागत असेल, तर यादी हवी कशाला? एका वेळी एकच चूक, तीही डोळ्यांसमोर.

अर्थात, ही सोय व्याकरणातल्या चुकांपुरती होती. विचारातली चूक शोधण्यासाठी एकेक ओळ चालवून चलांच्या किमती पाहण्याची सोय १९८८ च्या पाचव्या आवृत्तीत आली. याच घराण्यातल्या टर्बो सी++ चा निळा पडदा आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पुढे वर्षानुवर्षे पाहिला.

आज शाळेसाठी साधन निवडताना सुविधांची यादी मोजण्याआधी एक प्रयोग करून पाहू. मुद्दाम एक कंस विसरू आणि मुलाला तो किती पायऱ्यांनंतर सापडतो ते मोजू. जिथे पायऱ्या कमी, तिथे मूल पुन्हा प्रयत्न करते.