जामखेडच्या आभाळातलं निकेल

निकेल हा शब्द आपल्या घरात नवा नाही. नळाच्या तोटीला निकेलचा मुलामा असतो. आजीच्या पेटीत नागमोडी कडेचा एक आणा असतो. तो तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचा असून, १९०७ सालापासून असे आणे पाडले जाऊ लागले. या धातूचं नाव मात्र शिवीवरून पडलं आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखा दिसणारा एक लालसर दगड मिळे. कितीही भट्ट्या लावल्या तरी त्यातून तांबं काही निघत नसे, उलट विषारी धूर येई. हा ‘निकेल’ नावाच्या खट्याळ भुताचा खेळ आहे, असं ते म्हणत. स्वीडनच्या क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने १७५१ साली नवा धातू वेगळा काढला आणि नाव देताना ते भूतच कायम ठेवलं.

आता आपल्या नगर जिल्ह्याच्या जमिनीत निकेल कुठे आहे? विहीर खणा, तलाव खणा, घाटात सुरुंग लावा, काळा बेसॉल्टच लागणार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. त्यात निकेल असतं, पण ते दहा लाख भागांत काही दहा ते शंभराच्या आसपास, आणि तेही सिलिकेट खनिजांत अडकलेलं. भारतात निकेलचं नाव घ्यायचं तर ओडिशातल्या सुकिंदाकडे पाहावं लागतं. नगरकरांनी त्या बाबतीत आशा ठेवू नये, हे मी वर्गात नेहमी सांगत आलो आहे.

तरीही निकेलचं एक अतिशय दुर्मिळ रूप आपल्या जिल्ह्यात आलं होतं. ते जमिनीतून वर आलं नाही, वरून खाली आलं. १८६६ साली जामखेडला आकाशातून दगड पडला. जगातल्या अशनींच्या याद्यांत तो आजही आहे, पण शोधायला गेलात तर चटकन सापडणार नाही. इंग्रजी कागदपत्रांत जामखेडचं ‘जामखैर’ झालेलं आहे आणि अशनीचं नाव तेच राहिलं. नावापुढे पडल्याचं साल, ‘एच सहा’ ही जात आणि वजन २२ ग्रॅम. दोन तोळ्यांना थोडं कमीच.

उल्का आणि अशनी यांत लोक गल्लत करतात, म्हणून एक वाक्य. आकाशात पेटलेली रेघ दिसते ती उल्का; जळून उरलेला दगड जमिनीवर पोचला तर तो अशनी.

त्या वेळचं जामखेड डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला बालाघाटाच्या रांगा, आसपास इंग्रजी आणि निजामाच्या मुलखाची गावं एकमेकांत मिसळलेली. दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली १८७८ मध्ये. म्हणजे नगरलाही अजून आगगाडी नव्हती. मात्र कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून उभं होतं आणि त्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम अशनींचा संग्रह वाढवत होते. आदल्याच वर्षी, १८६५ मध्ये, बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक दगड पडला होता. तो मंगळावरून आलेला आहे, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. सांगायचं इतकंच की आकाशातून पडलेला दगड नोंदवावा, जपावा, अशी बुद्धी तोवर सरकारदरबारी आली होती.

ती बुद्धी येण्यामागे निकेलच आहे, आणि त्या गोष्टीची सुरुवात काशीला होते. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री बनारसपासून काही कोसांवर क्राखुत गावाच्या परिसरात, आभाळ निरभ्र असताना, आगीचा गोळा दिसला आणि दगड पडले. एक तर पहारेकऱ्याच्या झोपडीचं छप्पर फोडून जमिनीत रुतला. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने हकिगत जमवून विलायतेला कळवली. तोपर्यंत युरोपातल्या विद्वानांचं मत असं, की दगड आभाळातून पडतात हा खेडुतांचा भ्रम. लंडनच्या एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बनारसचा दगड घेतला. सोबत इटली, इंग्लंड आणि बोहेमियात पडलेले म्हणून सांगितले जाणारे आणखी तीन घेतले. त्यांतले धातूचे बारीक कण त्याने वेगळे केले आणि तपासले. चारही दगडांतल्या लोखंडात निकेल निघालं. हजारो मैलांवर, निरनिराळ्या सालांत पडलेल्या दगडांत एकच खूण, आणि ती आसपासच्या कुठल्याच खडकात नाही! हे त्याने १८०२ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावी दगडांचा पाऊस पडला, बिओ या शास्त्रज्ञाने जाऊन चौकशी केली आणि वाद मिटला. पुस्तकांत श्रेय बहुधा लेग्लला दिलेलं असतं. माझ्या मते खरा निकाल बनारसच्या दगडाने लावला होता.

हे लोखंड वेगळं आहे, हे हाताला मात्र आधीच कळलेलं होतं. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यात असाच एक तप्त गोळा पडला. तो बादशहा जहांगीरकडे गेला. वजन भरलं १६० तोळे. उस्ताद दाऊदला हुकूम झाला की याच्या तलवारी कर. पण ते लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागलं. तेव्हा तीन भाग आकाशाचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून पाती घडवली. जहांगीरने हे सगळं आपल्या आत्मचरित्रात कौतुकाने लिहिलं आहे. हाच जहांगीर आमच्या मलिक अंबरचं नाव आलं की लेखणीतून शिव्याच देतो. त्या पात्यांपैकी एक सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आता त्या निकेलच्या खनिजांकडे येऊ. अशनीतलं लोखंड एकजिनसी नसतं. कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मनाने १८६१ मध्ये त्यातले दोन घटक ओळखून त्यांना नावं दिली. कमी निकेलचा कॅमसाइट. त्यात निकेल शेकडा पाच ते सात. जास्त निकेलचा टीनाइट. त्यात वीसच्या पुढे. हे दोघे तसे अशनींत सर्रास सापडतात. दुर्मिळ आहे तो तिसरा, टेट्राटीनाइट. १९८० मध्ये क्लार्क आणि स्कॉट यांनी त्याला स्वतंत्र खनिज म्हणून नाव दिलं. त्यात लोह आणि निकेल जवळजवळ निम्मे निम्मे असतात. पण खरी गंमत प्रमाणात नाही, मांडणीत आहे. साध्या मिश्रधातूत दोन्हींचे अणू बाजारातल्या गर्दीसारखे कसेही उभे असतात. टेट्राटीनाइटमध्ये ते पंगतीला बसतात: एक थर लोहाचा, एक निकेलचा, पुन्हा लोहाचा. या शिस्तीमुळे तो जबरदस्त चुंबक होतो. एकदा धरलेली चुंबकीय दिशा सहजी सोडत नाही.

ही पंगत बसायला वेळ फार लागतो. सुमारे ३२० अंश सेल्सियसच्या खाली आल्यावरच अणू आपापल्या थरांत जाऊ लागतात, आणि त्या तापमानाला ते जवळजवळ हलतच नाहीत. म्हणून धातू दहा लाख वर्षांत काही अंश, एवढ्या धिम्या गतीने थंड व्हावा लागतो. अशी सवड एखाद्या लघुग्रहाच्या पोटातच मिळते, वर कित्येक किलोमीटर खडकाचं पांघरूण असताना. पृथ्वीवरच्या कुठल्याही लोहारशाळेत ती मिळणार नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात न्यूट्रॉनचा मारा करून ही मांडणी प्रयोगशाळेत घडवली होती. २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी थोडं फॉस्फरस मिसळून ती झटपट होते असा दावा केला, त्यावर वादही झाले. दुर्मिळ मृदा धातूंशिवाय चांगले चुंबक हवे असल्याने या खनिजामागे आता पैसाही लागला आहे.

जामखेडच्या तुकड्याची जात ‘एच सहा’. यातलं ‘एच’ म्हणजे लोहाचं प्रमाण जास्त, आणि ‘सहा’ म्हणजे जन्मस्थानी तो दगड इतका शेकला गेला की त्यातले मूळचे गोल दाणे जवळपास पुसले गेले. खूप खोलवर तापलेले आणि सावकाश निवलेले हे दगड असतात, आणि अशाच दगडांच्या धातूकणांत टेट्राटीनाइट आढळतो. हिशेब करू. या जातीत धातू वजनाच्या सहाव्या भागाच्या आसपास असतो. म्हणजे २२ ग्रॅममध्ये धातू तीन-चार ग्रॅम, त्यात निकेल साधारण एक तृतीयांश ग्रॅम, आणि टेट्राटीनाइट त्याहूनही कितीतरी कमी, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढा. वय मात्र साडेचारशे कोटी वर्षांच्या घरात. जामखेडचा काळा खडक त्यापुढे कालचं पोर.

लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात. ‘सर, आभाळातला आहे, चुंबक चिकटतो बघा.’ दहांपैकी दहा वेळा तो भट्टीतला खंगर निघतो, नाहीतर आपला नेहमीचा बेसॉल्ट. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, चुंबक त्यालाही ओढतो. धातूचं लोखंड दिसलं तरी घाई करू नये. ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर १८७० मध्ये नॉर्डेनशेल्डला लोखंडाचे प्रचंड गोळे सापडले. त्याला ते अशनी वाटले, पण ते तिथल्या बेसॉल्टमध्येच तयार झालेलं लोखंड होतं, निकेल अगदी थोडं. म्हणून निर्णय निकेलवरच होतो. बारावीच्या प्रयोगशाळेत डायमिथिलग्लायॉक्झिमने निकेलचा गुलाबी-लाल साका पाडतात, तीच परीक्षा इथे कामाची आहे.

चुंबक लावण्याला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणासाठी. टेट्राटीनाइटचे कण तयार होताना भोवती जे चुंबकीय क्षेत्र असतं, त्याची नोंद त्यांच्यात राहते. २०१५ मध्ये दोन अशनींतले असे कण तपासून, त्यांच्या मूळ लघुग्रहाच्या गाभ्याचं चुंबकत्व किती काळ टिकलं याचा माग काढण्यात आला. इतकी जुनी नोंद वाचता येते. पण दगडाला जोरदार चुंबक घासला, की दगडातल्या अशा नोंदी बिघडतात आणि कुठली नोंद मूळची, कुठली आपली, हे सांगणं कठीण होतं. तीच गत शेंदूर-तेल लावण्याची, धुण्याची, आणि ‘आतून काय आहे बघू’ म्हणून तापवण्याची.

आणि दगड पडतच असतात. खानदेशात मानेगावला १८४३ मध्ये पडला, परभणीकडे १९२८ मध्ये. अलीकडचा नागपूरजवळच्या काटोलचा, २२ मे २०१२ चा. भरदिवसा मोठा आवाज झाला आणि तुकडे परिसरात विखुरले. ते लगेच गोळा झाले, तपासायला गेले. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना त्या दगडात ब्रिजमनाइट मिळालं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं, पण वर कधीच हाती न लागणारं हे खनिज. काटोलकरांनी तुकडे देव्हाऱ्यात ठेवले असते किंवा विकून टाकले असते, तर हे कळलं नसतं.

जिल्ह्यात कुणाच्या शेतात बाहेरून काळी पातळ साल, आतून राखाडी आणि आकाराच्या मानाने जड असा दगड आवाजासकट पडलेला दिसला, तर तो स्वच्छ कागदात किंवा पिशवीत ठेवावा, पडल्याची वेळ आणि खड्ड्याचं माप लिहावं, फोटो काढावा आणि तहसीलदारांमार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं. घरातला चुंबक तेवढा फ्रीजलाच राहू द्यावा.