मातीवरचा हिशेब

रतिबाचे दूध घेणाऱ्या घरी दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. एक रेघ म्हणजे एक माप दूध. रेघ ओढणाऱ्या बाईला अक्षर येत नसे, पण महिनाअखेर हिशेब काही चुकत नसे. माणसाला लिपी सापडली ती याच वाटेने.

लिपी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोथ्या येतात, राजांचे शिलालेख येतात. पण सर्वांत जुने मानले जाणारे लेखन जेथे सापडले, तेथे ना कवी आहे ना राजा. तेथे बसला आहे कोठारावरचा कारकून! ते ठिकाण म्हणजे दक्षिण इराकातील उरुक शहर. काळ इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराचा. युफ्रेटिस नदीकाठचा हा मुलूख. दगड नाही, चांगले लाकूड नाही; चिखल आणि बोरू मात्र हवे तितके. तेव्हा ओल्या मातीची पाटी झाली आणि बोरूची लेखणी झाली.

त्याही आधी कित्येक हजार वर्षे तेथील लोक मातीचे लहान लहान खडे करून हिशेब ठेवीत. कोणी शंकूसारखा, कोणी गोटीसारखा, कोणी चकतीसारखा. पुढे हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात घालून तोंड बंद करीत व वर शिक्का उमटवीत. हा जणू लखोटाच. पण आत किती खडे आहेत हे गोळा फोडल्याशिवाय कळायचे कसे? म्हणून काही गोळ्यांवर बाहेरूनच खड्यांचे ठसे दाबलेले आढळतात. आणि ठसे बाहेर दिसू लागल्यावर आतले खडे हवेत कशाला? गोळा चपटा झाला, पाटी झाली! डेनिस श्मांट-बेसेरा या विदुषीने ही उपपत्ती मांडली. सर्व विद्वानांना ती जशीच्या तशी मान्य नाही. मला मात्र ती पटते.

उरुकच्या पाट्यांवर काय आहे? जव, मेंढ्या, बिअर, मजुरांचा शिधा. वर्तुळात फुली काढली की मेंढी. एका पाटीवर ३७ महिन्यांचा २९,०८६ मापे जवाचा हिशेब असून खाली ‘कुशिम’ अशी खूण आहे. हे माणसाचे नाव की हुद्द्याचे, यावर वाद आहे.

पण मेंढी काढता येते. ‘जीव’ कसा काढणार? सुमेरी भाषेत ‘ति’ म्हणजे बाण, आणि ‘ति’ म्हणजेच जीवन. त्यांनी बाण काढला आणि जीवन वाचले. आपण बसायचा पाट काढून पाण्याचा पाट वाचावा, तसेच. चित्र आता वस्तूचे राहिले नाही, आवाजाचे झाले. मग माणसांची नावे लिहिता येऊ लागली, आणि सहा-सातशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमारास, स्तोत्रे व कथाही लिहिल्या गेल्या.

यात एक गोष्ट हातची गेली. खडे धनगरालाही मोजता येत होते. पाटी वाचायला लेखनिक लागला, आणि लेखनिक व्हायचे तर ‘एदुब्बा’त, म्हणजे पाट्यांच्या घरी, वर्षानुवर्षे घोटावे लागे. या शाळेतील एका पोराची गोष्ट सुमेरी भाषेत उरली आहे. बोलला म्हणून छडी, अक्षर वाईट म्हणून छडी! शेवटी बाप गुरुजींना घरी जेवायला बोलावतो, नवे वस्त्र नि अंगठी देतो, आणि गुरुजी पोराची तोंडभर स्तुती करतात. आमच्या पेशातल्या मंडळींनी ही गोष्ट फार मनाला लावून घेऊ नये.

बरे, ज्याला वाचता येत नाही त्याने लिहिणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर त्या लोकांनी जुना लखोटाच पुन्हा काढला. कराराची पाटी मातीच्या पातळ आवरणात गुंडाळीत, वर तोच मजकूर पुन्हा लिहीत आणि साक्षीदारांचे शिक्के घेत. पुढे तंटा झाला तर न्यायाधीशांसमोर आवरण फोडून आतला मजकूर पाहता येई. आणि ज्या गरिबाजवळ शिक्का नसे, तो आपल्या वस्त्राची किनार नाहीतर नख ओल्या मातीत दाबी. त्या नखांच्या खुणा आजही पाट्यांवर स्पष्ट दिसतात.