लिफ्टची मुखत्यारी

सन १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील चिनी मातीच्या सामानाच्या पाच मजली दुकानात एलायशा ओटिस यांची वाफेवर चालणारी लिफ्ट प्रवाशांसाठी खुली झाली, तेव्हा मनुष्यास सुखरूप वर नेण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला. परंतु कोणत्या मजल्यावर कोण खोळंबले आहे हे लिफ्टला कसे कळावे, आणि ती कोठे निघाली आहे हे त्या खोळंबलेल्यास कसे उमगावे, हा अधिक सूक्ष्म प्रश्न पुढे शतकाहून अधिक काळ अभियंत्यांची कसोटी पाहत राहिला.

आरंभी हा कारभार सर्वस्वी लिफ्टमनच्या मुखत्यारीत असे. पिंजऱ्यातून आरपार गेलेला दोर ओढून, आणि विजेचा अंमल सुरू झाल्यावर मूठ फिरवून, तो पिंजरा मजल्याशी जुळवी व मजल्याचा पुकारा करी. दारावरील अर्धवर्तुळाकार तबकडीचा काटा बाहेरच्यांस पिंजऱ्याचा ठावठिकाणा सांगे.

पुढे कोण कोठे खोळंबले आहे हे लक्षात ठेवण्याचे काम यंत्राकडे गेले. १९२४ पासून ओटिस कंपनीच्या यंत्रणेत दाबलेल्या बटणांची नोंद रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, ठेवू लागले, आणि १९४५ च्या न्यूयॉर्कमधील लिफ्टमनांच्या संपाने शहराचे व्यवहार खोळंबून जेमतेम पाच वर्षे उलटतात तोच, १९५० मध्ये, डॅलस येथे लिफ्टमनविरहित लिफ्टांचा पूर्ण ताफा कार्यालयीन इमारतीत चालू झाला. तथापि या रचनेचा स्वभाव ताठर होता: सकाळी सारी गर्दी वर नेणारी कचेरी, स्ट्रेचरला अग्रक्रम देणारे रुग्णालय आणि दिवसभर तुरळक वर्दळीची निवासी इमारत, यांच्या गरजा निरनिराळ्या असल्याने प्रत्येक इमारतीसाठी तारांची जुळणी नव्याने करावी लागे.

सिडनीचे अभियंते लिओ पोर्ट यांनी १९६१ मध्ये, प्रवाशाने गंतव्य मजला बाहेरच नोंदवावा आणि यंत्राने त्यास योग्य लिफ्ट नेमून द्यावी, अशी तजवीज सुचविली. पण रिलेंच्या युगात ती पेलणे दुष्कर होते. १९७९ मध्ये मायक्रोप्रोसेसर लिफ्टच्या नियंत्रणात आला, नियम तारांतून निघून स्मृतीत गेले, एकच नियंत्रण-पेटी निरनिराळ्या इमारतींस जुळवून घेऊ लागली, आणि पोर्ट यांची कल्पना १९९० नंतर शिंडलर कंपनीने व्यवहारात रूढ केली.

मात्र अशा लिफ्टच्या आत मजल्यांची बटणे नसतात, आणि नवखा मनुष्य तेथे गोंधळतो. म्हणून मुंबई-पुण्यात गगनचुंबी इमारती बांधणाऱ्यांनी ठळक अंक, ब्रेल खुणा व मराठी उद्घोषणा यांची तरतूद नकाशातच करावी, कारण अंध, वृद्ध आणि अनोळखी पाहुणा यांस जी वाट दाखवीत नाही, ती लिफ्ट कितीही चतुर असली तरी अपुरीच होय.