लिबरेटर विमानांचे चालककक्ष : जीर्णोद्धार आणि पाठशुद्धि

जुनी पोथी हातीं आली म्हणजे कोणतीं पानें मूळचीं, कोणतीं मागाहून घातलेलीं आणि शेवटची पुष्पिका कोणाच्या हातची, हें आम्ही प्रथम पाहतों. हीच दृष्टि यंत्रावशेषांस लावितां येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. विषय दुसऱ्या महायुद्धांतील लिबरेटर नांवाच्या बॉम्बफेकी विमानांचा, त्यांतही त्यांच्या चालककक्षांचा, आहे. पोथ्यांच्या संग्राहकांस तो परका वाटेल. परंतु या ग्रंथाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें पुण्यास लिहिलीं गेलीं आहेत.

लिबरेटर हें अमेरिकन बनावटीचें चार इंजिनांचें विमान. अशीं अठरा हजारांहून अधिक विमानें तयार झालीं. ब्रिटिश वायुदलानें तीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलीं आणि युद्ध संपल्यावर त्यांतील बरींच कानपूरच्या तळावर उभीं करून ठेविलीं. उसनवारीच्या करारान्वयें तीं परत तरी करावयाचीं किंवा निकामी तरी करावयाचीं होतीं. म्हणून तीं जाणूनबुजून मोडण्यांत आलीं; कुदळींनीं चालककक्षांतील यंत्रफलक फोडले आणि इंजिनांत वाळू टाकिली, असें सांगतात. पोथी जाळण्याऐवजीं तिचीं अक्षरें खरवडावीं, तसाच हा प्रकार होय.

इ. स. १९४८ मध्यें स्वतंत्र भारताच्या वायुदलास जड बॉम्बफेकी विमानांची गरज पडली, तेव्हां हा भंगार पुन्हां वाचण्याचें काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे आलें. ही कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४० मध्यें स्थापिली होती, हें येथें नमूद करणें अवश्य आहे. कंपनीच्या माणसांनीं एका विमानाचा भाग दुसऱ्यास जोडून तीं उडण्यापुरतीं दुरुस्त केलीं. आणि जमशेद कैकोबाद मुन्शी या चाचणी-वैमानिकानें तीं एकामागून एक कानपुराहून बंगळुरास उडवीत नेलीं. तेथें त्यांची पुरी डागडुजी झाली. अशीं चाळीसच्या आसपास विमानें पुन्हां सेवेंत आलीं. २ नोव्हेंबर १९४८ रोजीं वायुदलाचें पांचवें पथक याच विमानांवर उभें राहिलें व पुढें तें पुण्यास आलें. १९५१ मध्यें सहावें पथक पुण्यास उभारलें गेलें. समुद्रावरील टेहळणी हें त्याचें काम. १९६८ अखेर लिबरेटर भारतीय सेवेंतून निवृत्त झालें.

यानंतर विमानें परदेशीं जाऊं लागलीं. जगांतील उड्डाणक्षम लिबरेटर तोंपर्यंत बहुतेक मोडीत गेलीं होतीं. सबब अमेरिका, कानडा व इंग्लंड येथील संग्रहालयांनीं भारताकडे मागणी केली. लंडनच्या वायुदल-संग्रहालयाचें लिबरेटर १९७४ मध्यें भारतांतून उडत गेलें. एक दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयांत राहिलें आहे. दुसरें एक ब्रिटिश संग्राहकानें १९८१ मध्यें मिळविलें. तें पुढें अमेरिकेंतील कॉलिंग्स फाउंडेशनकडे गेलें व कित्येक वर्षांच्या दुरुस्तीनंतर १९८९ मध्यें पुन्हां आकाशांत उडालें.

आतां जीर्णोद्धारकाच्या कामाकडे वळूं. चालककक्ष हा विमानाचा सर्वांत दाट लिहिलेला भाग. चार इंजिनांचीं माहितीदर्शक घड्याळें, होकायंत्र, उंचीमापक, दांडे आणि कळा यांनीं तो भरलेला असतो. प्रत्येक उपकरणावरील धातूच्या पट्टींत भागाचा क्रमांक व कारखान्याचें नांव कोरलेलें असतें. तीच त्याची पुष्पिका. रंगाचे थर खरवडून मूळ कोणता, मागाहूनचा कोणता हें ठरवितां येतें. अंधारांत दिसावें म्हणून अनेक तबकड्यांस रेडियमयुक्त रंग लावलेला असे. तो आजही घातक आहे, म्हणून अशी तबकडी काळजीपूर्वकच उघडावी लागते. गहाळ उपकरण दुसऱ्या विमानांतून घ्यावें लागतें किंवा जुन्या नकाशांवरून नवें घडवावें लागतें.

येथेंच आमचा मुख्य मुद्दा येतो. यवतमाळांत यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या वाङ्मयाचें संशोधन केलें, त्यामुळें लीळाचरित्राची हकीकत आमच्या वाचकांस परिचित आहे. परंपरा सांगते कीं, मूळ प्रत धाडीत हरवली आणि शिष्यांनीं आठवणींवरून ती पुन्हां सिद्ध केली. त्यामुळें वेगवेगळे पाठ झाले. हें पाठभेद संपादकानें सांगितले तर वाचकाचें नुकसान होत नाहीं. लपविले तर होतें. कानपूरच्या विमानाचें तेंच आहे. कॉलिंग्स फाउंडेशनच्या विमानावर युरोप व पॅसिफिक येथील वेगवेगळ्या अमेरिकन लढाऊ विमानांचीं नांवें व चिन्हें क्रमानें रंगविलीं गेलीं. त्या सैनिकांचें स्मरण योग्यच. परंतु त्या विमानाचीं जवळजवळ वीस वर्षें भारतांत गेलीं, ही गोष्ट त्या रंगाखालीं झांकली गेली. नकलकारानें मूळ लेखकाची पुष्पिका पुसून दुसऱ्याची लिहावी, त्यांतला हा प्रकार.

चालककक्ष पूर्ण दिसावा ही प्रेक्षकाची इच्छा आणि मूळ काय तें कळावें ही संशोधकाची गरज, या दोहोंचा मेळ घालितां येतो. घातलेला प्रत्येक नवा भाग चिन्हांकित असावा. उसन्या उपकरणाचें मूळस्थान टिपून ठेवावें. आणि भारतीय दुरुस्तीच्या खुणा, जोड व पाट्या, कुरूप असल्या तरी, काढूं नयेत. कानपुरांत फोडलेला व बंगळुरांत सांधलेला फलक हाच त्या विमानाचा सर्वांत दुर्मिळ पाठ आहे.

आमची वाचकांस विनंति इतकीच कीं, वायुदलांत नोकरी केलेल्या आप्तांच्या पेट्यांत उड्डाणनोंदींच्या वह्या, दुरुस्तीचीं पुस्तकें वा छायाचित्रें असल्यास तीं रद्दींत देऊं नयेत. त्यांच्या प्रती कराव्यात, तारीख व मालकाचें नांव लिहावें आणि संग्रहांत जपावें. पोथीप्रमाणेंच यंत्राचाही इतिहास त्याच्या पानांवरूनच वाचितां येतो.